विस्तवासाठी घडलेली फुलं

सिंगापूरमध्ये आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान १९ अंश सेल्सिअस आहे. एवढ्या गारव्याला नाशिकचा माणूस कपाटातला स्वेटरही काढत नाही. विषुववृत्ताला चिकटून असलेल्या या बेटावर दिवाणखान्यात कोळसा पेटवून शेकत बसायची वेळ कुणावर येत नाही. तरीही विलायती फायरप्लेसचा सर्वांत देखणा भाग, म्हणजे तिच्या दोन्ही अंगांना बसवायच्या रंगीत टाइल्स, विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत इथे जहाजं भरभरून आल्या. आल्या आणि थेट घराबाहेर जाऊन बसल्या. जुन्या शॉपहाऊसच्या, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा इमारतींच्या, ओसरीवर, खिडक्यांच्या खाली, खांबांच्या कमरेला त्या अजून दिसतात. पर्यटक त्यांना 'पेरानाकन टाइल्स' म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. त्या सावकाश वाचायच्या कशा आणि वाचवायच्या कशा, हे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात. टाइलमध्ये नेमकं काय सुंदर आहे हे ज्याला कळलं नाही, त्याच्या हातून तिची डागडुजी नीट होणार नाही.

आधी तिचं माहेर पाहू. व्हिक्टोरियन आणि त्यानंतरच्या एडवर्डियन काळातल्या मध्यमवर्गीय इंग्रज घरात फायरप्लेस म्हणजे भिंतीत बसवलेला ओतीव लोखंडाचा एक साचा. मधोमध विस्तव आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला उभ्या पट्ट्या. एका पट्टीत पाच टाइल्स, दोन्ही मिळून दहा. प्रत्येक टाइल सहा इंच लांब, सहा इंच रुंद. मागून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली आणि प्लास्टरने भरलेली. काम दुहेरी होतं. चकचकीत पृष्ठभाग उष्णता खोलीत परतवायचा आणि काजळी ओल्या फडक्याने पुसली जायची. पण कारखान्यांनी त्या सहा इंचांवर जी कला ओतली, ती एवढ्या दोन कामांसाठी खचितच नव्हती. हिवाळ्यातल्या अंधाऱ्या संध्याकाळी खोलीत विस्तवाचाही उजेड असायचा. तो खालून, बाजूने आणि थरथरत यायचा. टाइलवरचं फूल अशा उजेडात हलतं दिसे.

ही किमया दोन शोधांवर उभी आहे. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर याने जवळजवळ कोरडी माती भुकटीच्या रूपात साच्यात दाबून वस्तू घडवण्याचं पेटंट घेतलं. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने ते लगेच टाइल्ससाठी वापरलं. ओल्या मातीची टाइल वाळताना आक्रसते, वाकते. दाबलेल्या भुकटीची टाइल सपाट राहते, आणि साच्यावर जी नक्षी कोरलेली असेल ती जशीच्या तशी उमटते. दुसरा शोध झिलईचा. मिंटनकडे नोकरीला असलेल्या लेआँ आर्नू या फ्रेंच रसायनकाराने १८४९ च्या सुमारास शिसंयुक्त, पारदर्शक, रंगीत झिलई तयार केली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती मिरवली. पुढे ती मॅजोलिका या नावाने ओळखली गेली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत माॅ, क्रेव्हन डनिल, पिल्किंग्टन, बूट, रिचर्ड्स अशा कितीतरी कारखान्यांनी याच दोन गोष्टींवर धंदा उभा केला. १९६० च्या दशकात यांतले बरेच कारखाने एच. अँड आर. जॉन्सन या कंपनीत जिरून गेले. त्याच जॉन्सनने १९५८ मध्ये भारतात पाऊल ठेवलं आणि ठाण्यात कारखाना काढला. आपल्या लहानपणीच्या न्हाणीघरातली पांढरी, गुळगुळीत टाइल ही नात्याने या फुलवाल्या टाइलची धाकटी बहीण लागते.

आता एक टाइल हातात घेऊन पाहू. माझ्या टेबलावर आहे ती अशीच एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेली. पाठीवर खाचा आहेत, चुन्याचा गारा त्यांत घट्ट धरावा म्हणून. खाचांच्या मधे 'इंग्लंड' एवढाच शब्द उमटलेला आहे आणि त्याखाली नोंदणी क्रमांक. १८८४ पासून ब्रिटनमध्ये नक्षीची नोंदणी सलग आकड्यांनी होऊ लागली. आकडा साडेतीन लाखांच्या पुढे असेल तर नक्षी १९०० नंतरची, एवढं कुणालाही सांगता येतं. माझ्या टाइलचा आकडा त्या पलीकडचा आहे. पाठीवर अजून जुन्या चुन्याची पांढरी पुटं आहेत. पुढची बाजू बघण्याआधी पाठ वाचावी, कारण टाइल कुठून आली आणि भिंतीवरून कशी उतरवली गेली, हे पाठच सांगते. ही अलगद उतरली असावी. कडा शाबूत आहेत.

पुढच्या बाजूला साय-रंगाच्या जमिनीवर एक गुलाबी फूल आहे. त्याचा देठ खालच्या कोपऱ्यातून निघतो, उजवीकडे झोकांडी घेतो, एकदम मागे वळतो आणि फुलाला खालून उचलून धरतो. दोन हिरवी पानं या वळणाला तोल देतात. युरोपात १८९० ते १९१० च्या दरम्यान ज्या शैलीने धुमाकूळ घातला, त्या आर्ट नूव्होची ही खास चाबकासारखी वळणारी रेषा. पण खरी गंमत बोटाला कळते. डोळे मिटून बोट फिरवलं तर प्रत्येक रंगाच्या कडेला एक बारीक, उभारलेला बांध लागतो. हे बांध मूळच्या हातकामात मेंदीच्या कोनातून रेघ ओढावी तसे पातळ मातीची पिशवी दाबून काढत. या टाइलवर मात्र ते साच्यातूनच उमटले आहेत. म्हणजे यंत्राने हाताची नक्कल केली आहे, आणि ती लपवलेलीही नाही.

बांध कशासाठी, हे झिलई पाहिल्यावर उलगडतं. भट्टीत झिलई वितळते आणि वाहू लागते. बांध नसते तर गुलाबी आणि हिरवा एकमेकांत मिसळून चिखल झाला असता. बांधांमुळे प्रत्येक रंग आपापल्या तळ्यात राहतो. आणि तळ्याचा तळही सपाट नाही. पाकळीच्या मधोमध माती जराशी फुगवलेली आहे, कडेला खोल आहे. त्यामुळे झिलई मध्यावर पातळ बसते आणि कडेला साचते. पातळ असते तिथे फिकट गुलाबी, साचते तिथे गडद किरमिजी. कारागिराने इथे दोन रंग लावलेले नाहीत. रंग एकच, जाडी वेगळी. पाकळीची गोलाई, तिची सावली, तिच्या आतला तो काळोख, हे सगळं झिलईच्या खोलीतून निर्माण होतं. त्यामुळे टाइल जराशी तिरपी केली की चित्रातली सावली हलते. रंगाने काढलेल्या चित्रात असं होत नाही. कागदावर छापलेल्यात तर नाहीच.

मुंबईकरांना याचा फरक एका ठिकाणी पाहता येईल. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये इंग्लंडहून आणलेल्या, वास्तुविशारद विल्यम बटरफिल्डच्या आखणीच्या फरशा आहेत. त्या वेगळ्या जातीच्या. त्यांत रंग झिलईत नसून मातीतच आहे: एका रंगाच्या मातीत खाच करून दुसऱ्या रंगाची माती भरायची. ती फरशी बरीच झिजली तरी नक्षी जात नाही, म्हणून ती पायाखाली चालते. मॅजोलिकाचं तसं नाही. तिची सगळी श्रीमंती वरच्या जेमतेम मिलिमीटरभर काचेत. पाय पडला, वाळू घासली, की फूल संपलं. तिची जागा भिंतच. सिंगापूरच्या गवंड्यांना हे नेमकं कळलं होतं.

ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. लिटल इंडियातल्या मुस्तफा सेंटरला भेट दिल्याशिवाय आपल्याकडचा कुणी सिंगापूरहून परतत नाही. तिथून चालत गेलं तर थोड्याच वेळात पेटेन रोड लागतो. या भागातल्या गल्ल्यांची नावं पहिल्या महायुद्धातली आहेत: व्हर्दं, सोम, मार्न, किचनर, बीटी. त्यांतच हा फ्रेंच सेनापती पेतँच्या नावाचा रस्ता. इथली अठरा दुमजली घरांची सलग रांग १९३० मध्ये उभी राहिली, आखणी ई. व्ही. मिलर या वास्तुविशारदाची. खांबांवर पानाफुलांचे गिलाव्यातले मुकुट, भिंतींवर उठावाचे पक्षी आणि वेली, आणि या सगळ्याच्या मधून चकाकणाऱ्या फुलांच्या टाइल्स. पहिल्या नजरेला हे सगळं फार होतं. अलंकार अलंकाराला ढकलतोय असं वाटतं. दुसऱ्या नजरेला त्यातला हिशेब दिसतो. गिलावा पांढुरका, निस्तेज, उजेड पिणारा. टाइल चकचकीत, उजेड परतवणारी. एकाच्या शेजारी दुसरं नसतं तर दोन्ही फिके पडले असते.

टाइल फायरप्लेसमधून इथे आली तेव्हा तिचा अर्थ बदलला. तिथे ती पाचाच्या उभ्या पट्टीत होती. नजर खालून वर जायची, रोप वाढताना पाहावं तशी. इथे ती आडव्या पट्ट्यात किंवा चौकटीत, एकीला एक लागून बसते. एकटी असताना जे फूल स्वतंत्र होतं, ते चार टाइल्स जुळल्या की मधे एक नवीनच आकृती तयार करतं: चार कोपऱ्यांतली चार पानं मिळून एक चांदणी, चार देठ मिळून एक चौकट. नक्षीकाराने ते आधीच योजून ठेवलेलं असे. फायरप्लेसच्या अरुंद पट्टीत ती दुसरी नक्षी कधीच पुरी उमलत नाही, कारण शेजारच्या दोन टाइल्सच तिथे नसतात. सिंगापूरच्या भिंतीवर ती उमलते.

आणि उजेड. १८२२ मध्ये सिंगापूर वसवणाऱ्या स्टॅमफर्ड रॅफल्सने नगररचनेच्या समितीला दिलेल्या सूचनांत प्रत्येक घरापुढे सलग, छपराखालची, सर्वांना खुली वाट ठेवण्याचा आग्रह धरला होता. तीच इथली 'फाइव्ह-फूट वे', म्हणजे आपल्याकडची ओसरी, फक्त सगळ्या गल्लीची मिळून एक. या ओसरीत ऊन थेट शिरत नाही. ते रस्त्यावरून उसळतं आणि खालून, तिरपं टाइलवर येतं. म्हणजे विस्तवाचा उजेड ज्या कोनातून यायचा, जवळपास त्याच कोनातून. पाऊस पडून गेल्यावर ओला रस्ता चमकत असतो तेव्हा पाहावं. फुलांतल्या सावल्या पुसट हलताना दिसतात. आखणी करणाऱ्यांनी हे ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण निवड ज्या डोळ्यांनी झाली ते डोळे चोखंदळ होते, एवढं नक्की.

ते डोळे पेरानाकन घराण्यांचे. चिनी पूर्वज आणि मलय मुलुखात रुजलेली राहणी यांतून घडलेला हा समाज; पुरुषांना बाबा, बायकांना न्योन्या म्हणण्याची रीत. रबर, कथील आणि दलालीतून पैसा आला आणि तो घरावर खर्च झाला. त्यांना विलायती ते सगळं भुलवत होतं, असं सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. या घरांत चीनमधून खास मागवलेली जी न्योन्या भांडी होती, त्यांचे लाडके रंग गुलाबी आणि हिरवा. त्यांवर पिओनीची फुलं, अमरपक्षी. म्हणजे विलायती कॅटलॉग उघडण्यापूर्वीच आवड ठरलेली होती. शेकडो नक्षींतून त्यांनी आपल्या घरात शोभेल ती उचलली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जपानी कारखाने, विशेषतः आवाजी बेटावरचा दान्तो, याच मापाच्या, याच धाटणीच्या टाइल्स पूर्वेकडच्या बाजारांत उतरवू लागले. युरोपात आर्ट नूव्होची फॅशन तोवर विझली होती. तिथल्या नव्या फायरप्लेसना साध्या, मातकट, सपाट टाइल्स लागल्या. पण इकडे १९३० पर्यंत आणि त्यानंतरही तीच फुलं फुलत राहिली. शैली जिथे जन्मली तिथून हद्दपार झाली आणि जिथे पाहुणी म्हणून आली तिथे म्हातारी झाली.

ही फुलं स्मशानातही गेली. १९२२ मध्ये सुरू झालेल्या बुकित ब्राऊन या चिनी दफनभूमीत सुमारे एक लाख कबरी आहेत. त्यांतल्या अनेक श्रीमंत कबरींच्या ओट्यांवर याच टाइल्स जडवलेल्या आहेत. विस्तवाभोवती कुटुंब गोळा व्हावं म्हणून घडलेली वस्तू इथे पूर्वजांच्या भोवती कुटुंब गोळा करते. तिथून महामार्ग काढताना साडेतीन हजारांहून अधिक कबरी हलवाव्या लागल्या.

घरांवरच्या टाइल्स सुरुवातीला वाचल्या त्यामागे कुणाचा कलाप्रेमी निर्णय नव्हता. १९४७ मध्ये सिंगापुरात भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्याच वर्षी मुंबईतही आला. पगडीच्या चाळीत वाढलेल्याला पुढचं सांगायला नको. भाडं गोठलं, मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही. घरं कळकट झाली. पण नवं काही करायला पैसाच नसल्याने जुनं कुणी काढलंही नाही. पुढे सत्तरच्या दशकात शहर झपाट्याने पाडून बांधलं जाऊ लागलं, तेव्हा हजारो टाइल्स राडारोड्यात गेल्या. काही हौशी माणसांनी पाडकामाच्या जागी जाऊन त्या उतरवून घेतल्या आणि घरात साठवल्या. १९८९ मध्ये नगरविकास प्राधिकरणाने जतनाचे भाग अधिकृतपणे जाहीर केले आणि चायनाटाउन, लिटल इंडिया, कम्पाँग ग्लाम अशा भागांतल्या तीन हजारांहून अधिक इमारतींना संरक्षण मिळालं. आज हा आकडा सात हजारांच्या पुढे आहे. प्राधिकरणाचं तत्त्व तीन पायऱ्यांचं: जास्तीत जास्त मूळ राखा, जाणतेपणाने पूर्ववत करा, सांभाळून दुरुस्त करा. क्रम महत्त्वाचा आहे. राखणं आधी, दुरुस्ती नंतर.

दुरुस्तीत ही टाइल आपल्या इंग्रज बहिणीपेक्षा वेगळी वागते. तिथे शत्रू आग. रोज तापणं-निवणं चालू असतं. माती आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, झिलईला केसासारख्या बारीक चिरा जातात, त्यांत काजळी शिरते, मागचं प्लास्टर भाजून भुसभुशीत होतं. इथे शत्रू पाणी. जमिनीतून भिंतीत ओल चढते आणि सोबत क्षार आणते. काच पाण्याला वाट देत नाही, म्हणून ओल वाट शोधते ती सांध्यांतून. सांधा चुन्याचा असेल तर तो श्वास घेतो: क्षार त्यात साठतात, सांध्यालाच लोणा लागतो, काही वर्षांनी तो खरवडून पुन्हा भरायचा, टाइलला धक्का नाही. जुन्या गवंड्याने सांधा मुद्दाम टाइलपेक्षा कमजोर ठेवला होता, झिजायचं तर त्याने झिजावं म्हणून.

उभ्या राहिलेल्या भिंतींची बरीचशी हानी इथेच झाली. चुना काढून सिमेंट भरलं गेलं. सिमेंटचा सांधा टाइलहून कठीण, आणि ओल अडवणारा. मग पाण्याला वाट उरते ती टाइलच्या अंगातून. क्षार झिलईच्या मागे जाऊन स्फटिक होतात, फुगतात, आणि एक दिवस पाकळीवरची काच पापुद्र्यासारखी सुटते. माती उघडी पडते. हे नुकसान भरून येत नाही. दुसरा घाव ॲसिडचा. आपल्याकडे न्हाणीघर धुवायला ज्या बाटल्या मिळतात तसलंच काहीतरी वापरून एका दुपारी भिंत लखलखीत करता येते. शिशाची झिलई आम्लापुढे टिकत नाही. चकाकी जाते आणि चुन्याचे सांधेही खाल्ले जातात.

नीट काम करायचं तर रीत संथ आहे. सिमेंटचा सांधा बारीक पात्याने, टाइलच्या कडेला न लागता कापायचा. क्षार ओढून घ्यायला शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कागदी लगद्याचा लेप लावायचा, सुकू द्यायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. फुटलेली टाइल पुढे कधीही सोडवता येईल अशा चिकटद्रव्याने जोडायची. तुटलेल्या कोपऱ्याला रंगवलेली भर द्यायची, पण ती पाहणाऱ्याला जवळून ओळखू येईल एवढीच. जुनी टाइल पुन्हा भट्टीत घालून झिलई 'नवी' करायची नाही. आत शिरलेले क्षार भट्टीत तिचा घात करतात. आणि मग चुना.

खरा पेच पडतो तो गहाळ टाइलच्या जागी. तिथे तीन वाटा आहेत. दुसऱ्या पाडलेल्या घरातून आलेली तशीच टाइल मिळाली तर उत्तमच, पण जुन्या टाइलला भाव आला की उभ्या भिंतींवरच्याही निखळू लागतात, हे विसरता येत नाही. दुसरी वाट म्हणजे नवीन साचा करून, झिलई ओतून, भट्टीत भाजून जोडीदार घडवायचा. खर्चिक आणि वेळखाऊ, पण प्रामाणिक. तिसरी वाट स्वस्त आणि म्हणून सगळीकडे दिसणारी: जुन्या टाइलचा फोटो घेऊन सपाट टाइलवर तो छापायचा.

छापील टाइलमध्ये फूल तंतोतंत असतं. गुलाबीची नेमकी छटा, देठाचं नेमकं वळण, अगदी साचलेल्या झिलईची गडद कडसुद्धा छापलेली असते. आणि ती सावली हलत नाही. शेजारच्या जुन्या टाइलवर माणूस पुढे सरकताना फूल किंचित बदलतं. छापील टाइलवर ते कॅमेऱ्याने टिपलेल्या एका क्षणात गोठलेलं असतं. तिचं चित्र कितीही बिनचूक असलं तरी तिच्यात रस नाही, कारण रस चित्रात नव्हताच. तो मिलिमीटरभर काचेच्या कमी-जास्त खोलीत होता. या टाइलचं जतन म्हणजे नक्षीचं जतन असं धरलं तर छापील टाइल शंभर टक्के यशस्वी ठरते. खोलीचं जतन धरलं तर ती पूर्ण फसते. मी दुसरं धरतो.

म्हणून एखादी डागडुजी केलेली ओसरी पाहताना मी तीन गोष्टी बघतो, आणि त्या कुणालाही बघता येतील. सांध्यावर नखाने हलकं ओरखडून पाहावं: भुकटी आली तर चुना, नख घसरलं तर सिमेंट. भिंतीला गाल लावून बाजूने नजर टाकावी: बांध दिसले तर टाइल साच्यातली, आरशासारखी सपाट दिसली तर छापील. आणि रांगेत कुठे साधी, एकरंगी, फुलाशिवायची टाइल बसवलेली दिसली तर तिला नावं ठेवू नयेत. गेलेल्या फुलाची खोटी प्रत लावण्याऐवजी तिथे फूल होतं आणि आता नाही, हे ज्याने उघड सांगायचं ठरवलं, त्या कारागिराला ही भिंत कळली होती.